किल्टची जन्मपत्रिका

होमिओपॅथीत रुग्णाची हकीकत घेताना आम्ही एक प्रश्न सोडत नाही : हे कधीपासून? पहिले उत्तर बहुधा ठरलेले असते. "पूर्वीपासूनच आहे, डॉक्टर." नेटाने विचारत गेले, की त्या ‘पूर्वीपासून’मधून एखादे लग्न निघते, एखादी बदली निघते, एखादा टायफॉइड निघतो. परंपरांच्या बाबतीतही माणसे हेच उत्तर देतात. स्कॉटलंडचा किल्ट आणि त्यावरची टार्टन नावाची चौकडी या प्रश्नाला जितके तारीखवार उत्तर देतात, तितके देणारा दुसरा विषय माझ्या वाचनात नाही. आपल्या कार्यवाहांनी विषय ऐकून कपाळाला आठ्या घातल्या, तरीही मी तो घेतला. त्याला आणखी एक कारण आहे. आपण पिढ्यानपिढ्या मुलखाबाहेर राहिलेली माणसे आहोत, आणि टार्टनचा आजचा डोलारा बराचसा मुलखाबाहेर गेलेल्यांनीच उभा ठेवला आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. टार्टन म्हणजे कापडावरची नक्षी आणि किल्ट म्हणजे त्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे वस्त्र. टार्टनमध्ये उभ्या ताण्यात रंगीत धागे ज्या क्रमाने आणि ज्या संख्येने लावतात, त्याच क्रमाने आडवा बाणा घालतात. या क्रमाच्या एका आवर्तनाला ‘सेट’ म्हणतात. वीण ट्विलची असते, म्हणजे जीनच्या कापडावर जशी तिरपी रेघ दिसते तशी. एका रंगाचा ताणा दुसऱ्या रंगाच्या बाण्याला जिथे ओलांडतो, तिथे दोहोंची मिश्र छटा दिसते. त्यामुळे दोन रंगांच्या टार्टनमध्ये तीन छटा येतात, आणि सहा रंगांच्या टार्टनमध्ये एकवीस. रंग वाढवत गेले की नक्षी पुसट होते, हे चांगल्या विणकराला सांगावे लागत नाही.

आजच्या चांगल्या किल्टला आठ वार कापड लागते. आपल्या नऊवारीला एकच वार कमी! पुढचा भाग सपाट, एकावर एक येणारा, आणि निऱ्या सगळ्या मागे. त्या शिवून पक्क्या केलेल्या असतात. निऱ्या घालण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत मागच्या बाजूलाही संपूर्ण सेट जुळून दिसतो. दुसरीत प्रत्येक निरीवर एकच ठरावीक रेघ येते. ही लष्करी पद्धत, चालताना मागची बाजू रंग बदलत हलते. पुढे कमरेला अडकवलेली पिशवी म्हणजे ‘स्पोरन’. किल्टला खिसे नसल्याने ती लागतेच. जुनी डौलदार स्पोरन बिज्जूच्या अख्ख्या तोंडासकट केलेली असते. मी जैन असल्याने त्या काचेच्या डोळ्यांकडे फार वेळ बघू शकलो नाही.

आता वयाकडे वळू. चौकडीचे कापड खरोखरच जुने आहे. फॉलकर्क गावाजवळ रोमन नाण्यांनी भरलेल्या एका मडक्याच्या तोंडाला बोळा म्हणून कोंबलेला चौकडीचा तुकडा सापडला. तो इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला आहे. पण त्याचे कुळाशी काही नाते नव्हते. मार्टिन मार्टिन नावाच्या स्काय बेटावरच्या लेखकाने 1703 मध्ये पश्चिमेच्या बेटांचे वर्णन छापले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कापडाच्या नक्षीवरून माणूस कोणत्या बेटाचा, कोणत्या भागाचा हे ओळखता येई. ठिकाण ओळखता येई, कूळ नव्हे. हे आपल्याला सहज कळण्यासारखे आहे. इंदूरकरांना माहेश्वरी आणि बेळगावकरांना इरकल किंवा गुळेदगुड्डचा खण दुरून ओळखू येतो, पण म्हणून खणावरून कोणी चोळीवालीचे आडनाव सांगत नाही. विणकर आसपासच्या वनस्पतींपासून जे रंग करू शकतो आणि ज्या नक्ष्या त्याच्या हातात बसल्या आहेत, त्या त्या मुलखाच्या होतात.

1746 च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या माळावर स्टुअर्ट घराण्याच्या राजपुत्राचा, चार्ल्सचा, शेवटचा पराभव झाला. त्या दिवशी दोन्ही बाजूंना टार्टन घातलेले हायलँडर होते. आपला कोण, परका कोण हे कापडावरून नव्हे, तर टोपीवरच्या फितीवरून ओळखत. चार्ल्सच्या माणसांची फीत पांढरी असे. लढाईनंतर काढलेल्या डेव्हिड मॉरिएच्या प्रसिद्ध चित्रात एकेका माणसाच्या अंगावर दोन-दोन, तीन-तीन वेगवेगळ्या टार्टनचे कपडे आहेत. कुळाचे टार्टन ठरलेले असते तर हे घडले नसते.

किल्टचे वय आणखी कमी. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हायलँडचा पुरुष जे नेसत असे, ती एक लांबलचक लोकरी पासोडी होती. अरुंद मागावरचे दोन पट्टे जोडून केलेली ही पासोडी चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळायची, खालचा भाग गुडघ्यापर्यंत, उरलेले खांद्यावर. पाऊस आला की डोक्यावर आणि रात्री पांघरायला. डोंगरात गुरे राखणाऱ्याला याहून सोयीचे वस्त्र नव्हते. पण भट्टीपुढे काम करणाऱ्याची मात्र ती अडचण. 1727 च्या सुमारास टॉमस रॉलिन्सन नावाच्या लँकशायरच्या क्वेकर लोखंड-व्यापाऱ्याने ग्लेनगॅरीच्या प्रमुखाकडून इन्व्हरगॅरीचे जंगल कोळशासाठी मक्त्याने घेतले आणि भट्टी घातली. कामगारांच्या पासोडीचा वरचा भाग कापून टाकून त्याने खालच्याचे वेगळे वस्त्र करवले, स्वतःही नेसला, ग्लेनगॅरीचा प्रमुखही नेसला. ही हकीकत 1785 मध्ये एडिंबरोच्या एका मासिकात छापून आली. किल्टचा जनक इंग्रज, आणि तोही कारखानदार, हे अनेक स्कॉटांना झोंबते. वरचा भाग नसलेले वस्त्र त्याआधीही तुरळक होते असे पुरावे ते पुढे करतात, आणि मला त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ वाटत नाही. पण कोणत्याही बाजूने मोजा, आजच्या किल्टचे वय फार तर तीन-सव्वातीनशे वर्षे भरते. शिवलेल्या निऱ्यांचा किल्ट तर अठराव्या शतकाच्या अगदी अखेरचा.

कलोडननंतर सरकारने हायलँडचा पोशाख घालण्यावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. बंदी पुरुषांना आणि मुलग्यांना होती, बायकांना नव्हती. आणि आणखी एक सवलत होती : सरकारच्या सैन्यात जो भरती होईल, त्याला टार्टन चालेल. किंबहुना तो त्याचा गणवेशच. ही मेख लक्षात ठेवावी. 1782 मध्ये बंदी उठली, तेव्हा छत्तीस वर्षांत सामान्य शेतकऱ्याची पोशाखाची सवय मोडली होती आणि टार्टन हे शिपायाचे कापड झाले होते. आज अनेक कुळे आपले म्हणून मिरवतात ती टार्टने ब्लॅक वॉच रेजिमेंटच्या गडद निळ्या-हिरव्या चौकडीत एखादी रेघ घालून तयार झालेली आहेत. मॅकेन्झी टार्टन त्यातलेच : त्यात पांढरी आणि तांबडी रेघ. ते 78 व्या हायलँडर रेजिमेंटचे. आपल्यातल्या ग्वाल्हेरकरांना या रेजिमेंटची ओळख वेगळ्या कारणाने असायला हवी. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या लढाईत दौलतराव शिंद्यांच्या तोफांवर चालून गेलेल्यांत 74 वी आणि 78 वी या दोन हायलँड रेजिमेंटी होत्या. 74 वीचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. दोघींच्या निशाणांवर पुढे हत्ती आला तो असईचा. ज्या दऱ्याखोऱ्यांनी ही पोरे दिली, ती खोरी त्यांच्याच हयातीत रिकामी केली जाऊ लागली होती. त्याकडे पुढे येतोच.

आता कुळाचे टार्टन ही कल्पना कुठून आली ते पाहू. लंडनमध्ये राहणाऱ्या हायलँडच्या मंडळींनी 1778 मध्ये हायलँड सोसायटी काढली होती. 1815 मध्ये या सोसायटीने सर्व कुळप्रमुखांना पत्रे घातली, की आपापल्या टार्टनचा नमुना सहीशिक्क्यासह पाठवा. मुलखाबाहेरच्यांनी मुलखातल्यांना विचारलेला हा प्रश्न! काही प्रमुखांना उत्तर ठाऊकच नव्हते. मग नमुने कुठून आले? पुष्कळसे बॅनकबर्नच्या विल्सन या कापड कारखान्यातून. विल्सन लष्कराला माल पुरवत, कोचिनील किड्यांचा लाल आणि नीळ परदेशातून मागवून रंगवत. 1819 च्या त्यांच्या वहीत दोनशेच्या वर नक्ष्या आहेत, कित्येकांना नुसते क्रमांक. गिऱ्हाइकाने कुळाचे नाव सांगितले की क्रमांकाच्या जागी नाव चढे. इतिहासकार ट्रेव्हर-रोपर यांनी 1983 मध्ये दिलेले एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. आज मॅकफर्सन म्हणून ओळखली जाणारी एक नक्षी आधी नुसती ‘नंबर 155’ होती. मग किड नावाच्या गृहस्थाने वेस्ट इंडीजमधल्या आपल्या गुलामांना कपडे करण्यासाठी ती गठ्ठ्याने घेतली, तेव्हा तिचे नाव ‘किड’ झाले. त्यानंतर ती मॅकफर्सन झाली. कुळाभिमानी माणसाला ही नक्षी कारखान्यात जन्मली याचे वाईट वाटते. मला वाईट वाटते ते मधल्या नावाचे. कापड नवे असण्यात काही कमीपणा नाही. पण मधली नोंद पुसून पुढची लिहिली, की त्या कापडात कोण कोण होते ते कायमचे झाकले जाते.

क्रमांकांना नावे चढवण्याची घाई झाली ती 1822 च्या ऑगस्टमध्ये, चौथ्या जॉर्ज राजाच्या एडिंबरो भेटीच्या वेळी. सगळ्या समारंभाचे सूत्रधार कादंबरीकार वॉल्टर स्कॉट. स्वतः सखल भागातले, पण त्यांनी साऱ्या स्कॉटलंडला हायलँडचा वेष चढवला. ज्या एडिंबरोकरांचे आजे हायलँडरला गुरेचोर समजत, ते कापडवाल्याकडे रांगा लावून आपले ‘वडिलोपार्जित’ टार्टन मागू लागले. राजाच्या पोशाखाचे बिल 1354 पौंड 18 शिलिंग झाले. स्थूल देह, आखूड किल्ट, आणि खाली अंगाच्या रंगाचे घट्ट पायमोजे. डेव्हिड विल्कीने नंतर चित्र काढताना पायमोजे गाळले आणि पोट आवरले. राजाच्या मागे लंडनचे बिस्किट-कारखानदार सर विल्यम कर्टिस हेही तसाच किल्ट नेसून आले. दोन पोटे एकाच दालनात पाहून व्यंगचित्रकारांची दिवाळी झाली. पुढे मेकॉलेने (आपल्या शिक्षणाचा आराखडा करणारा तोच) लिहिले, त्याचा आशय असा, की जुन्या स्कॉटलंडचा मान राखण्यासाठी राजाने जो वेष घातला, तो जुन्या स्कॉटलंडातल्या दहांपैकी नऊ जणांना चोराचा वेष वाटत असे.

या समारंभात न बोलावता येऊन धडकणारा एक माणूस होता, अलास्टेर मॅकडोनेल, ग्लेनगॅरीचा प्रमुख. रॉलिन्सनला जंगल देणाऱ्याच्या घराण्यातला. जन्म 1773. रेबर्नने काढलेले त्याचे पूर्णाकृती चित्र एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. टार्टनमधला इतका देखणा माणूस क्वचितच चितारला गेला असेल. तो कुठेही गेला तरी मागे शस्त्रधारी सेवकांचे शेपूट असे. 1815 मध्ये त्याने ‘खऱ्या हायलँडरांची सोसायटी’ काढली. इतरांच्या पोशाखातल्या चुका तो वर्तमानपत्रांत पत्रे लिहून काढी. गावोगावच्या खेळांच्या मेळ्यांत आज असे पुष्कळ भेटतात, आणि लोक त्यांना थट्टेने किल्टचे पोलीस म्हणतात : किल्ट गुडघ्याच्या मध्यावर हवा, मोज्यातली सुरी या बाजूला हवी, हा बक्कल दिवसा चालत नाही. ग्लेनगॅरी हा या पोलिसांचा मूळ पुरुष. 1828 मध्ये खडकावर आपटलेल्या आगबोटीतून उडी मारताना त्याला मार लागला आणि तो वारला.

एवढ्यावर थांबले तर तो एक गमत्या माणूस ठरतो. पण याच ग्लेनगॅरीच्या घराण्याने, त्याच्या लहानपणी त्याच्या आईने आणि मग त्याने स्वतः, मेंढपाळांना जास्त भाड्याने जमीन देण्यासाठी आपल्या कुळांना खोऱ्यांतून हाकलले. 1786 मध्ये नॉयडार्टमधून सुमारे पाचशे माणसे आपल्या पाद्र्यासह कॅनडाला गेली. सदरलँड परगण्यात, स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात, 1814 मध्ये घरांची छपरे जाळली गेली. जो प्रमुख आपल्या माणसांचा पोशाख एवढ्या काळजीने जपत होता, त्याला ती माणसे मात्र नको होती. हा विषय मला करमणुकीचा वाटत नाही तो इथे.

आणि कॅनडाला गेलेल्यांनी काय केले? आँटारिओत जिथे ते उतरले, त्या भागाला त्यांनी ग्लेनगॅरी हेच नाव दिले. तिथल्या मॅक्सव्हिल गावात 1948 पासून ग्लेनगॅरी हायलँड गेम्स भरतात. नोव्हा स्कोशियात अँटिगोनिशचे खेळ 1863 पासून चालू आहेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रँडफादर पर्वतावर 19 ऑगस्ट 1956 रोजी डोनाल्ड मॅकडोनाल्ड या पत्रकाराने आणि अ‍ॅग्नेस मॅक्रे मॉर्टन यांनी मेळा सुरू केला. 1745 मध्ये राजपुत्र चार्ल्सने ग्लेनफिनन येथे निशाण उभारले तीही 19 ऑगस्टच. नमुना घेतला तो स्कॉटलंडमधल्या ब्रेमारच्या मेळ्याचा, ज्याला व्हिक्टोरिया राणीपासून राजघराणे जाते.

काही वर्षांपूर्वी माझी मुलगी आणि जावई शार्लटला राहत असताना मी हा मेळा पाहिला. मैदानाच्या कडेने कुळांचे तंबू, प्रत्येकात आडनावांच्या याद्या. एका तंबूतल्या पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी माझे आडनाव विचारले आणि मी सांगितल्यावर खरोखरीच यादी चाळली! नाव मिळाले नाही तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटले. मग त्यांनी समजावले, की ब्लॅक वॉच किंवा कॅलेडोनिया ही कोणीही नेसावी अशी टार्टने आहेत, आणि तसे पाहता कायद्याने कोणालाच कशाला मनाई नाही. त्यांच्या घराण्यात स्कॉटलंडला कोणी परत गेले नव्हते. गेल्या सात पिढ्यांत कोणालाच गेलिक येत नव्हते. पण मैदानावरच्या पोराच्या हातून झाडाचा भला मोठा सोट नीट पडला नाही, तेव्हा त्यांनी चूक मला बारकाईने सांगितली. त्या खेळात सोट किती लांब गेला हे बघत नाहीत. तो उभा उलटून फेकणाऱ्याच्या अगदी समोर, घड्याळातल्या बाराच्या दिशेने पडला की पूर्ण गुण. त्याच मेळ्यात रात्री मशाली घेऊन एकेका कुळाचा माणूस मैदानात येतो आणि आमचे कूळ हजर आहे असे ओरडून सांगतो. कोणी खोट्या इतिहासाला हसत असेल तर हसो, मला त्या ओरडण्यात खोटे काही ऐकू आले नाही. ज्यांना त्यांच्याच प्रमुखाने घालवून दिले, त्यांचे वंशज दुसऱ्या खंडात हजेरी देत होते.

मुलखाबाहेर परंपरा नव्याही होतात. अमेरिकेतल्या मेळ्यांत रविवारी टार्टनला आशीर्वाद देण्याचा विधी असतो. बंदीच्या काळात लोक चोरून कापडाचा तुकडा चर्चमध्ये नेत आणि पाद्री त्याला आशीर्वाद देई, अशी त्याची कथा सांगतात. विधी वस्तुतः वॉशिंग्टनमधल्या पीटर मार्शल या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या धर्मोपदेशकाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू केला. सरदार इक्बाल सिंग यांनी 1999 मध्ये सिंग टार्टन नोंदवले. 2008 मध्ये यहुदी टार्टन झाले. त्यात लोकर आणि लिनन एकत्र विणायचे नाहीत हा त्यांच्या धर्माचा नियम पाळला आहे.

मात्र सगळ्या नव्या गोष्टी सारख्या नसतात. जॉन आणि चार्ल्स अ‍ॅलन हे दोन इंग्रज भाऊ स्वतःला सोबिएस्की स्टुअर्ट म्हणवू लागले, राजपुत्र चार्ल्सचे गुप्त नातू. लॉर्ड लोव्हाटने त्यांना ब्यूली नदीतल्या बेटावर घर बांधून दिले. 1842 मध्ये त्यांनी सोळाव्या शतकातल्या हस्तलिखितावरून म्हणून पंचाहत्तर टार्टनांचा ग्रंथ काढला. स्कॉटने आधीच शंका घेतली होती. मूळ हस्तलिखित कोणाला दाखवले गेले नाही. 1980 मध्ये स्ट्यूअर्ट आणि टॉम्पसन या अभ्यासकांनी ती बनावट तपशीलवार सिद्ध केली. म्हातारपणी दोघे भाऊ लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात मुकुट कोरलेल्या लेखण्या घेऊन बसत. विल्सनने नक्षीला नाव दिले तो धंदा होता. मार्शलने विधी केला ती ओढ होती. या दोघांनी मात्र खोटी तारीख लिहिली. माझ्या मते खरा फरक तेवढाच, पण तो मोठा आहे. गंमत अशी, की त्यांनी रचलेली कित्येक टार्टने देखणी आहेत आणि कुळांनी ती कधीच टाकली नाहीत.

आता स्कॉटलंडमध्ये 2009 पासून सरकारी टार्टन नोंदवही आहे. कोणीही फी भरून नवी नक्षी नोंदवू शकतो. आधीच्या एखाद्या नक्षीशी ती फार जुळता कामा नये. नोंदीत रचनाकार, तारीख आणि आधार लिहितात. सोबिएस्की बंधूंची टार्टनेही त्यात आहेत, ग्रंथाचे नाव आणि 1842 या सालासह.

सर्वांत जुने म्हणता येईल असे टार्टन मात्र कोणत्याच कुळाचे निघाले नाही. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी ग्लेन अ‍ॅफ्रिक खोऱ्यातल्या दलदलीत एक मळका तुकडा सापडला होता. 2023 मध्ये त्याची तपासणी झाली : कापड 1500 ते 1600 च्या दरम्यानचे, रंगांत हिरवा, तपकिरी आणि बहुधा लाल-पिवळा. डंडीच्या संग्रहालयात तो मांडला गेला, आणि एका कापड-कारखान्याने त्यावरून नवे कापड विणून विकायलाही काढले. त्याला नाव दिले आहे ते खोऱ्याचे.